गाडीवरच्या जनरेटरचं अर्थिंग: रॉड ठोकायचा की नाही?

फिरता_पाना

नमस्कार मंडळी,

बंद बॉडीच्या व्हॅनमध्ये फिरतं वर्कशॉप उभं करतोय. मागच्या कप्प्यात ५ केव्हीएचा सिंगल फेज, २३० व्होल्टचा डिझेल जनरेटर रबर माउंटवर कायमचा बसवलाय. पुढे छोटं पॅनल: २० अँपिअरचा सी कर्व्ह एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा, म्हणजे आपोआप तुटणारा ब्रेकर), मग ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की पडणारा) आणि चार सॉकेट. दोन गाडीच्या आत, दोन मागच्या दाराशी बाहेरच्या बाजूला. बाहेरच्या सॉकेटवर ग्राइंडर, ड्रिल, हॅलोजन, कधी पाण्याचा पंप.

प्रश्न अर्थिंगचा आहे. एक जण म्हणतो, गाडी उभी केली की आधी जमिनीत अर्थिंगचा रॉड ठोक, मग जनरेटर चालू कर. दुसरा म्हणतो, गाडी टायरवर उभी आहे, अर्थिंगची गरजच काय? गाडी बऱ्याचदा डांबरावर नाहीतर काँक्रीटवर असते, तिथे रॉड ठोकणार कुठे?

आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबलं की तो लगेच पडतो. म्हणजे शॉकपासून संरक्षण आहे असं धरून चाललोय. बरोबर ना? जनरेटरच्या बॉडीवर अर्थचं चिन्ह असलेला एक बोल्ट आहे, त्याला सध्या काही जोडलेलं नाही.

जुना_वायरमन

रॉडला पर्याय नाही. माझ्या गाडीत दीड मीटरचा रॉड आणि घण कायम असतो. जमीन कोरडी असेल तर भोवती बादलीभर पाणी ओतायचं. अर्थच नसेल तर लीकेज जाणार कुठे आणि एमसीबी पडणार कसा?

शून्य_ओहम

वायरमनसाहेब, रॉडने एमसीबी पडत नाही. हिशोब मांडतो.

जमिनीची रोधकता १०० ओहम-मीटर धरा, म्हणजे बरी, ओलसर माती. १.५ मीटर लांब आणि १६ मिलिमीटर जाड रॉड पूर्ण आत गेला तर त्याचा जमिनीशी रोध साधारण ६० ओहम येतो. वाटेत दुसरा कसलाच रोध नाही असं मानलं तरी २३० भागिले ६० म्हणजे ४ अँपिअरपेक्षा कमी. २० अँपिअरचा एमसीबी हा करंट दिवसभर वाहून नेईल. जमीन खडकाळ आणि कोरडी असेल, रोधकता १००० ओहम-मीटर असेल, तर तोच रॉड ६०० ओहमचा होतो आणि करंट ०.४ अँपिअरच्या खाली जातो. पाणी ओतून आकडा सुधारतो, पण एमसीबी पडण्याइतका नाही.

आता मूळ मुद्दा. लीकेज करंटला जमिनीत जायचं नसतं. तो ज्या वाइंडिंगमधून निघाला त्याच वाइंडिंगच्या दुसऱ्या टोकाला त्याला परत यायचं असतं. इमारतीच्या वीजपुरवठ्यात ट्रान्सफॉर्मरचा न्यूट्रल जमिनीला जोडलेला असतो, म्हणून तिथे जमीन परतीच्या वाटेचा भाग बनते. तुमच्या गाडीत ट्रान्सफॉर्मरच्या जागी जनरेटर आहे. त्याचा न्यूट्रल कशालाच जोडलेला नसेल तर बॉडीला रॉड लावा नाहीतर नका लावू, वर्तुळ पूर्णच होत नाही. एमसीबीही पडणार नाही आणि आरसीसीबीही.

म्हणून पहिला प्रश्न रॉडचा नाहीच. तुमच्या जनरेटरचा न्यूट्रल त्याच्या बॉडीला आतून जोडलेला आहे का, ते आधी बघा. इंजिन बंद, मेन स्विच ऑफ, आणि मल्टीमीटरने दोन्ही टर्मिनलचा बॉडीशी रोध मोजा. मग इंजिन चालू करून व्होल्टेज मोजा.

टेस्ट बटणाबद्दल तुमचं उत्तर आल्यावर लिहितो. तोवर ते संरक्षणाचा पुरावा मानू नका.

फिरता_पाना

मोजलं. इंजिन बंद: दोन्ही टर्मिनलपासून बॉडीपर्यंत मीटर काहीच दाखवत नाही, ओपन. इंजिन चालू: दोन टर्मिनलमध्ये २३१. एक टर्मिनल ते बॉडी ११८, दुसरं टर्मिनल ते बॉडी ११०. हे अर्ध-अर्ध कसं काय? मधून टॅपिंग काढलंय का?

शून्य_ओहम

टॅपिंग असतं तर इंजिन बंद असताना दोन्ही बाजूंना ओहमच्या अंशांत रोध दिसला असता, कारण बॉडीपासून अर्ध्या वाइंडिंगमधून वाट मिळाली असती. तुम्हाला ओपन दिसलं, म्हणजे न्यूट्रल तरंगता आहे, कशालाच जोडलेला नाही. ११८ आणि ११० ही भुतं आहेत. एव्हीआरमधल्या (व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या सर्किटमधल्या) फिल्टरचे कपॅसिटर आणि वाइंडिंग-बॉडीमधली आपसूक असलेली कपॅसिटन्स यांमुळे बॉडी दोघांच्या साधारण मध्यावर तरंगते. डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध १० मेगओहमच्या आसपास असल्याने त्याला हे व्होल्टेज दिसतं. कमी रोधाच्या मोडवर मोजलंत तर ते कोसळेल.

आता टेस्ट बटण. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट ताडून बघतो आणि फरक दिसला की पडतो. टेस्ट बटण हा फरक आरसीसीबीच्या पोटातच तयार करतं: एका बाजूच्या फेजपासून दुसऱ्या बाजूच्या न्यूट्रलपर्यंत एक रेझिस्टर, करंट ताडणाऱ्या कोअरला वळसा घालून. त्यात अर्थच्या तारेचा काडीमात्र संबंध नाही. अर्थ नसो, न्यूट्रल बॉडीला जोडणारी लिंक नसो, बटण दाबलं की तो पडणारच. बटण फक्त यंत्रणा जाम झालेली नाही एवढं सांगतं.

आज तुमच्या गाडीत ग्राइंडरची बॉडी फेजला चिकटली तर आरसीसीबी ढिम्म हलणार नाही.

तरंगता_न्यूट्रल

मग बिघडलं कुठे? आयडीप्रमाणेच मत आहे माझं. :) न्यूट्रल तरंगता असेल तर फेजला हात लागला आणि पाय जमिनीवर असले तरी करंट परत यायला वाट नाही, शॉक नाही. मुद्दाम न्यूट्रल बॉडीला जोडून शॉकची वाट आपणच कशाला तयार करायची? छोटे पोर्टेबल जनरेटर कितीतरी उत्पादक तरंगतेच देतात, ते काही उगाच नाही.

शून्य_ओहम

एका जनरेटरवर एकच उपकरण, केबल आखूड आणि धडधाकट, एवढी मर्यादा असेल तर तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. आयईसी ६०३६४ या वायरिंगच्या आंतरराष्ट्रीय मानकात ही पद्धत संरक्षणाचा रीतसर मार्ग म्हणूनच दिलेली आहे: विद्युत विलगीकरण. छोट्या पोर्टेबलला ती शोभते.

धागाकर्त्याकडे चार सॉकेट आहेत. ग्राइंडरमध्ये फेज बॉडीला लागला. काही होत नाही, ग्राइंडर चालतोय, कुणाला पत्ता नाही. पण त्या क्षणापासून यंत्रणा तरंगती राहिलेली नाही. बॉडीच फेज झाली. काही दिवसांनी पंपाच्या केबलमध्ये पाणी शिरलं आणि त्याचा न्यूट्रल पंपाच्या बॉडीला लागला. आता एका हातात ग्राइंडर आणि दुसरा हात पंपावर असलेल्या माणसाच्या छातीतून पूर्ण २३० व्होल्ट. हाताहाताचा रोध १००० ओहमच्या आसपास धरला तरी २०० मिलिअँपिअरहून जास्त. हृदयाची लय बिघडायला हा करंट पुरून उरतो.

यातली मेख आरसीसीबीची आहे. दोन्ही उपकरणं एकाच आरसीसीबीच्या पुढे असतील तर करंट त्याच्यातूनच गेला, माणसातून फिरला आणि त्याच्याच न्यूट्रलमधून परत आला. फरक शून्य. तो पडतच नाही.

तरंगती यंत्रणा अनेक उपकरणांसाठी वापरायचीच असेल तर तीन गोष्टी लागतात. सगळ्या बॉडी एकमेकींना जोडणारी संरक्षक तार, म्हणजे दुसरा दोष आला की शॉर्ट सर्किट होईल. दोन्ही पोल तोडणारा ब्रेकर. आणि पहिला दोष आला की ओरडणारा इन्सुलेशन मॉनिटर, किंवा निदान प्रत्येक सॉकेटला स्वतंत्र आरसीसीबी. प्रत्येकाला वेगळा आरसीसीबी असेल तर वरच्या उदाहरणात करंट एकातून जातो आणि दुसऱ्यातून परततो, दोघांनाही फरक दिसतो.

लाल_गाडी

अग्निशमनाच्या गाड्यांवर काम करतो म्हणून लिहितो. आमच्याकडे तरंगतीच यंत्रणा असते, बॉडी जोडणारी तार आणि मॉनिटरसकट. कारण साधं आहे: पहिल्या दोषाला दिवे विझून चालत नाही. आत माणसं असताना अंधार झाला तर तो शॉकइतकाच घातक. मॉनिटरचा दिवा लागला की काम उरकून गाडी तपासायला जाते. रॉड ठोकत बसायलाही वेळ नसतो. फिरत्या वैद्यकीय गाड्यांमध्येही याच कारणाने ही पद्धत दिसते.

पण मॉनिटर बघणारा, त्याचा अर्थ कळणारा माणूस दर पाळीला हजर असतो हे विसरू नका. वर्कशॉपच्या गाडीत चार जण येऊन सॉकेटला काहीही खोचणार असतील तर मी न्यूट्रल जोडून आरसीसीबीवरच भरवसा ठेवीन. दोष आला, पडला, विषय संपला.

फिरता_पाना

पटलं. न्यूट्रल जोडतो. पॅनलमधल्या न्यूट्रल पट्टीपासून अर्थ पट्टीला जाड तार टाकली की झालं ना? दोन्ही पट्ट्या शेजारीच आहेत.

शून्य_ओहम

थांबा! ती न्यूट्रल पट्टी आरसीसीबीच्या पुढची आहे ना? तिथे लिंक टाकलीत तर सगळं मुसळ केरात.

वाट बघा: दोष आला, करंट आरसीसीबीच्या फेजमधून गेला, उपकरणाच्या बॉडीतून अर्थच्या तारेने अर्थ पट्टीवर आला, तुमच्या लिंकमधून न्यूट्रल पट्टीवर आणि तिथून आरसीसीबीच्या न्यूट्रलमधूनच जनरेटरला परत. आरसीसीबीच्या दृष्टीने गेला तेवढाच आला. आंधळा आरसीसीबी. आणि टेस्ट बटण? ते मस्त चालणार.

लिंक जनरेटर आणि आरसीसीबी यांच्या मधेच हवी. सगळ्यात चांगली जागा जनरेटरचा टर्मिनल बॉक्स: न्यूट्रलच्या बोल्टपासून फ्रेमवरच्या त्या अर्थच्या बोल्टला. तिथूनच संरक्षक तार पॅनलच्या अर्थ पट्टीला आणायची.

लिंक एकच. टर्मिनल बॉक्समध्ये एक आणि पॅनलमध्ये आरसीसीबीच्या पुढे दुसरी अशा दोन झाल्या तर लोडचा करंट न्यूट्रल आणि अर्थ अशा दोन वाटांनी परत जायला लागतो, आणि हॅलोजन लावला रे लावला की आरसीसीबी पडतो. ‘जनरेटरवर आरसीसीबी टिकतच नाही’ अशा तक्रारींमागे बऱ्याचदा ही दुसरी लिंक असते, आणि मग कुणीतरी आरसीसीबीच बायपास करून टाकतो.

बॉबिन

लिंक टाकण्याआधी एक धोक्याची सूचना, धागाकर्त्यासाठी नाही, पुढे हा धागा वाचून पाना हातात घेणाऱ्यांसाठी. काही जनरेटरचं वाइंडिंग खरोखरच मध्यावर बॉडीला जोडलेलं असतं. ब्रिटनमधल्या बांधकामाच्या जागांवरचा ११० व्होल्टचा पुरवठा असाच असतो, जमिनीपासून प्रत्येक बाजू ५५ व्होल्ट. अशा मशीनला ‘न्यूट्रल’ नावाचं टोकच नसतं. त्याचं एक टोक बॉडीला जोडलं तर अर्धं वाइंडिंग शॉर्ट. इंजिन गुरगुरेल आणि वाइंडिंग जळेल. दोन्ही टोकं आधी बॉडीशी मोजायची, ओपन दिसली तरच पुढे जायचं. उत्पादकाची आकृती मिळाली तर तीही डोळ्याखालून घालायची.

चिमटा

इन्व्हर्टर जनरेटरला हेच लागू का? माझ्याकडे २ केव्हीएचा आहे, कॅम्पर व्हॅनच्या मागच्या कॅरिअरवर.

बॉबिन

सरसकट नाही. त्यात बाहेर येणारी दोन टोकं इलेक्ट्रॉनिक ब्रिजमधून येतात. उत्पादकाने लिंक चालेल असं लिहिलं असेल तर त्याने दाखवलेल्या जागीच. लिहिलं नसेल तर तरंगता ठेवा आणि एका वेळी एकच उपकरण चालवा. दोन इन्व्हर्टर जनरेटर पॅरलल केबलने जोडत असाल तर लिंक दोघांत मिळून एकच.

गॅरेजवाला

इथे सगळे विजेचे जाणकार दिसतात, मी गाडीच्या बाजूने दोन गोष्टी सांगतो.

पहिली, रबर माउंट. जनरेटर चासीला बोल्टने बसवलाय म्हणजे तो चासीला विजेनेही जोडलेला आहे, असं सगळे गृहीत धरतात. रबर माउंट मधे असेल तर जोडणी शून्य. इंधनाची नळी रबराची, एक्झॉस्टला लवचीक तुकडा. उरते ती स्टार्टरची केबल. म्हणून फ्रेमपासून चासीला टिनचा मुलामा असलेली तांब्याची विणलेली पट्टी टाका, थोडी ढिली, म्हणजे थरथरीने तुटणार नाही. एकेरी भरीव तार वापरू नका, लगच्या (तारेच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीच्या) मानेपाशी तुटते आणि आतून तुटलेली दिसतही नाही.

चासीच्या बाजूला रंग पूर्ण खरवडून चकचकीत पत्र्यावर लग बसवायचा, दातेरी वॉशर, घट्ट आवळून वरून ग्रीस किंवा लॅकर. रंगावर आवळलेला बोल्ट मल्टीमीटरला कधीकधी ‘बीप’ देतो, कारण एखादा दात रंगातून आत गेलेला असतो. बीपवर जाऊ नका.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तुमच्या जनरेटरचा स्टार्टर गाडीच्याच बॅटरीवर आहे का? असेल तर त्याची निगेटिव्ह केबल चासीला येते. ती केबल सैल झाली किंवा गंजली की स्टार्टरचा शेकडो अँपिअरचा करंट परतीची दुसरी वाट शोधतो. ती वाट म्हणजे तुमची अर्थची हिरवी तार. २.५ चौरस मिलिमीटरची तार काही सेकंदांत लाल होते, इन्सुलेशन गळतं, आणि त्याच नळीतून फेजची तार गेली असेल तर पुढचं सांगायला नको. एका गाडीत हिरवी तार नळीसकट वितळलेली बघितली आहे, आणि सगळे शॉर्ट सर्किट एसीच्या बाजूला शोधत बसले होते. फ्रेम ते चासी पट्टी बॅटरीच्या निगेटिव्ह केबलइतकी जाड टाका, म्हणजे ही भानगडच नको.

जुना_वायरमन

गॅरेजवाले, ही स्टार्टरची गोष्ट लाखमोलाची. वायरिंगवाल्यांना ही बाजू ठाऊक नसते.

बाकी मला अजून एक शंका आहे. लिंक टाकली, ठीक. आता फेज ते बॉडी म्हणजे सरळ फेज ते न्यूट्रल शॉर्ट. आता तरी एमसीबी पडेल की नाही?

शून्य_ओहम

चांगला प्रश्न, आणि उत्तर निराशाजनक आहे. ५ केव्हीए म्हणजे पूर्ण लोडला २१.७ अँपिअर. सी कर्व्हचा २० अँपिअरचा एमसीबी झटक्यात पडायला ५ ते १० पट, म्हणजे १०० ते २०० अँपिअर लागतात. अशा अल्टरनेटरच्या शॉर्ट सर्किटमध्ये पहिल्या एक-दोन आवर्तनांत करंट बऱ्यापैकी चढतो, पण लगेच उतरतो. फार तर तिपटीच्या आसपास टिकतो, तेही एक्सायटेशन (अल्टरनेटरचं चुंबकक्षेत्र तयार करणारी व्यवस्था) त्यासाठी बनवलेलं असेल तर. साध्या मशीनमध्ये टोकांचं व्होल्टेज पडलं की एक्सायटेशनच मरतं आणि करंट कोसळतो. ६५ अँपिअर धरा: सी २० झटक्यात पडणार नाही, तापून पडेल, त्याला काही सेकंद जातील.

त्यात केबल. २.५ चौरस मिलिमीटर तांब्याचा रोध किलोमीटरला ७.४१ ओहम. १०० मीटरचा ड्रम लावला तर जाऊन-येऊन जवळपास दीड ओहम. नुसत्या केबलनेच करंटला लगाम.

म्हणून दोन बदल करा. सी कर्व्ह काढून बी कर्व्ह लावा, जो ३ ते ५ पटीला पडतो. मोटारींचा सुरुवातीचा झटका सोसत नसेल तर उपकरणं एकेक करून चालू करा. आणि शॉकच्या संरक्षणासाठी एमसीबीवर विसंबूच नका. ते काम आरसीसीबीचं: ३० मिलिअँपिअरला ३०० मिलिसेकंदांच्या आत, पाच पटीला म्हणजे १५० मिलिअँपिअरला ४० मिलिसेकंदांच्या आत. जनरेटर कितीही मरतुकडा असला तरी १५० मिलिअँपिअर देऊ शकतो.

कलम_कसाई

नियमांची बाजू थोडक्यात, कारण ‘रॉड सक्तीचा आहे’ हे वाक्य फार फिरतं.

अमेरिकेच्या एनईसी या वायरिंगच्या नियमावलीतलं २५०.३४ हे कलम पोर्टेबल आणि गाडीवरच्या जनरेटरसाठीच आहे. गाडीच्या बाबतीत ते म्हणतं की चासीला जमिनीतला इलेक्ट्रोड लागत नाही, पण अटींवर: जनरेटरची फ्रेम चासीला जोडलेली असावी; जनरेटर फक्त गाडीवरच्या उपकरणांना किंवा गाडीवरच्या सॉकेटमधून प्लगने जोडलेल्या उपकरणांना वीज देत असावा; उपकरणांचे धातूचे भाग आणि सॉकेटची अर्थ टोकं फ्रेमला जोडलेली असावीत. म्हणजे चासीच जमिनीची जागा घेते.

आयईसीत फिरत्या आणि वाहून नेता येणाऱ्या युनिटसाठी ६०३६४-७-७१७ हा भाग आहे आणि ब्रिटनच्या बीएस ७६७१ या वायरिंगच्या मानकातही ७१७ क्रमांकाचाच विभाग. चासी, बॉडी, नळ्या हे सगळं संरक्षक तारेला लवचीक, बारीक पेडांच्या तारेने जोडायचं. गाडीबाहेरच्या उपकरणांसाठीच्या सॉकेटला ३० मिलिअँपिअरचा आरसीडी (आरसीसीबी याच जातीचा).

या जनरेटरवरून एखाद्या इमारतीचं वायरिंग चालवायचं असेल आणि चेंजओव्हरमध्ये (जनरेटर की मेन्स ते बदलणाऱ्या स्विचमध्ये) न्यूट्रलही तुटत असेल, तर वरची सवलत संपते. तिथे इलेक्ट्रोड लागतो. आणि दोन्ही टोकांना नराचा प्लग असलेली केबल घरातल्या सॉकेटला लावून घर ‘चालवण्या’बद्दल इथे चर्चासुद्धा नको. रस्त्यावरचा ट्रान्सफॉर्मर उलटा चालतो आणि बंद समजून लाइनवर चढलेल्या माणसाच्या हातात हजारो व्होल्ट येतात.

ओबी_व्हॅन

सगळे रॉडवर तुटून पडलेत, म्हणून त्याची बाजू मांडतो. प्रक्षेपणाच्या गाडीवर काम करतो, केबल लांबवर मैदानात पसरलेल्या असतात.

लिंक टाकल्यावर चासी म्हणजे न्यूट्रल. आता बाहेर गवतातून गेलेल्या केबलवरून काहीतरी गेलं, फेजची तार ओल्या मातीला टेकली. माती तिथे फेजला आली. गाडी टायरवर, म्हणून करंटला परत यायला नीट वाट नाही, आरसीसीबी शांत. मग कुणीतरी जमिनीवर उभं राहून दाराच्या मुठीला हात लावतो आणि तोच ती वाट बनतो. आरसीसीबी पडेल, हो, पण त्या माणसाला झटका देऊन.

रॉड असता तर? माती, रॉड, चासी, न्यूट्रल अशी वाट आधीच तयार आहे, माणूस यायच्या आत आरसीसीबी पडतो. आणि इथे ६० ओहमचा काय, १००० ओहमचा रॉडही चालतो, कारण ५० व्होल्ट भागिले ०.०३ म्हणजे १६६६ ओहमपर्यंत आरसीसीबीचं काम होतं. एमसीबीसाठी कुचकामी असलेला रॉड आरसीसीबीसाठी झकास आहे.

गाडीबाहेर लांब केबल, ओली जमीन, माणसांची ये-जा असेल तर मी रॉड लावतो. डांबरावर उभं राहून दाराशी ड्रिल चालवायचं असेल तर नाही.

मात्र जमिनीखाली काय आहे हे माहीत नसताना घण घालू नका. खाली पुरलेली केबल किंवा गॅसची पाइप असली तर अर्थिंगच्या नादात भलतंच. मास्ट (अँटेनाचा उंच खांब) असलेल्या गाडीचं अजून एक: वीज चमकायला लागली की मास्ट खाली, रॉडच्या भरवशावर वर ठेवायचा नाही. आणि मास्ट वर करण्याआधी मान वर करून लाइन कुठे आहे ते बघायचं. उच्च दाबाच्या लाइनला मास्ट टेकला तर आपला एमसीबी, आरसीसीबी, लिंक यांना काही किंमत नाही. गाडीतच बसून राहायचं. आग लागली म्हणून उतरावंच लागलं तर गाडी आणि जमीन एकाच वेळी न धरता दोन्ही पाय जुळवून उडी, आणि पाय न उचलता घासत लांब.

शून्य_ओहम

ओबी_व्हॅन यांच्याशी पूर्ण सहमत. मी रॉडच्या विरोधात नाही, लिंकशिवायच्या रॉडच्या विरोधात आहे.

तरंगता_न्यूट्रल

टायरचा विषय कुणी पुरा केला नाही. टायर इन्सुलेटर आहेत की नाहीत?

गॅरेजवाला

धड इन्सुलेटरही नाहीत आणि धड वाहकही नाहीत. रबरात कार्बन ब्लॅक असतो, त्यामुळे स्थिर वीज हळूहळू जमिनीत उतरते. टायर कुठला, ओला की कोरडा, चिखल किती, यावर रोध कमालीचा बदलतो. संरक्षणाच्या हिशोबात टायर कुठल्याच बाजूने धरायचा नाही. जॅक किंवा लोखंडी पायऱ्या जमिनीला टेकवल्यात तर तेही विसरा.

फिरता_पाना

काम झालं, अहवाल देतो.

टर्मिनल बॉक्समध्ये न्यूट्रल ते फ्रेम लिंक. फ्रेम ते चासी विणलेली पट्टी, बॅटरी केबलच्या जाडीची. प्रत्येक सॉकेटला वेगळी अर्थची तार, चासीला परतीची तार म्हणून वापरलेलं नाही. बी कर्व्ह एमसीबी. बाहेरच्या दोन्ही सॉकेटना स्वतंत्र आरसीसीबी. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेतलं: सॉकेटच्या अर्थपासून फ्रेमपर्यंत ०.०६ ओहम, २०० मिलिअँपिअर देणाऱ्या टेस्टरवर. आरसीडी टेस्टर सॉकेटला लावून फेज ते अर्थ करंट सोडला, दोन्ही ३० मिलिअँपिअरवर २७ आणि ३१ मिलिसेकंदांत पडले. गंमत म्हणून लिंक काढून परत तोच टेस्टर लावला तर एकही पडला नाही. आणि टेस्ट बटणाने दोन्ही पडले!

आता शेवटचा प्रश्न. आवारात गाडी उभी असताना बाहेरून मेन्सची केबल लावून बॅटरी चार्ज करायची आहे. एक इनलेट आणि चेंजओव्हर बसवतोय. काही वेगळं?

शून्य_ओहम

हो. चेंजओव्हर दोन्ही पोल तोडणारा घ्या, फेज आणि न्यूट्रल. मेन्सचा न्यूट्रल तिकडे आधीच अर्थला जोडलेला असतो. तुमच्या चेंजओव्हरने फक्त फेज बदलला तर जनरेटरमधली लिंक मेन्सच्या न्यूट्रलला दुसऱ्यांदा चासीशी जोडते, आणि आवारातला आरसीसीबी तुम्हाला उभं राहू देणार नाही. अर्थची तार मात्र चेंजओव्हरमधून जाऊ द्यायची नाही, ती अखंड.

कलम_कसाई

त्यात भर. ज्या पुरवठ्यात न्यूट्रल आणि अर्थ रस्त्यापर्यंत एकाच तारेतून येतात, त्या तारेचा सांधा तुटला तर अर्थच्या तारेवरच व्होल्टेज येतं आणि तुमच्या अख्ख्या चासीवरही येतं. आरसीसीबी इथे काही करू शकत नाही, कारण तो अर्थची तार तोडतच नाही. इमारतीत सगळे धातू एकत्र जोडलेले असतात म्हणून निभावतं. गाडीच्या बाहेर माणूस उघड्या जमिनीवर उभा असतो. म्हणूनच बीएस ७६७१ च्या ७१७ मध्ये असा पुरवठा फिरत्या युनिटला नाकारलाय. कुशल माणसाची सतत देखरेख असेल आणि अर्थिंग जोडण्याआधी तपासलेलं असेल तरच सूट. तुमच्या आवारातला पुरवठा तसा असेल तर इनलेटवर विलगीकरण ट्रान्सफॉर्मर, किंवा पुरवठ्याचा अर्थ न घेता स्वतःचा रॉड आणि आरसीसीबी.

फिरता_पाना

ट्रान्सफॉर्मरच घेतो. आणि टर्मिनल बॉक्सच्या झाकणावर असं लेबल लावतोय: ‘न्यूट्रल-फ्रेम लिंक आत आहे. पॅनलमध्ये दुसरी टाकू नये.’ चालेल?

शून्य_ओहम

चालेल. पॅनलच्या दारावरही तेच लावा, पॅनल उघडणारा माणूस जनरेटरचं झाकण उघडून वाचत नाही. विणलेल्या पट्टीचे बोल्ट इंजिन ऑइल बदलताना दर वेळी पान्याने तपासा. आणि कधी मेगर (मोठ्या व्होल्टेजने इन्सुलेशन तपासणारा मीटर) लावलात तर आधी लिंक सोडा आणि एव्हीआर वेगळा करा. मेगर झाल्यावर लिंक परत लावलीय की नाही हे आरसीडी टेस्टरनेच बघा.